मुका मार बोलत नाही

(शरीराला होणाऱ्या लहानसहान दुखापतींसाठी मराठीत कोणते शब्द वापरतात, याची माहिती या पाठात दिली आहे. दुखापतीचे नेमके नाव सांगता आले, म्हणजे उपचारही नेमका होतो.)

रायगड जिल्ह्यात न्हावा आणि शेवा ही दोन गावे समुद्राकाठी वसलेली होती. कोळी मासेमारी करत. आगरी लोक भातशेती करत आणि मिठागरांत राबत. पुढे तेथे जवाहरलाल नेहरू बंदर झाले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. बंदरासाठी शेव्याच्या लोकांना आपली घरे सोडून दुसरीकडे वसावे लागले. आज त्या किनाऱ्यावर उंच क्रेन कंटेनर उचलतात आणि रस्त्याने ट्रेलरच्या रांगा धावतात.

काळ बदलला, कामे बदलली. पण काम करणाऱ्या हातापायांना लागायचे ते लागतेच. खडकावरची कालवे फोडताना शिंपल्याची धार लागून बोट कापते. जाळ्यातून मासे काढताना शिंगाळ्याचा काटा टोचतो. मिठागरात अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाला चिरा पडतात आणि त्यांत मीठ झोंबते. ‘जखमेवर मीठ चोळणे’ हा वाक्प्रचार आपण पुस्तकात वाचतो. मिठागरातल्या माणसाला तो पायांनीच कळलेला असतो! बंदरात जड साखळी ओढताना तळहाताला फोड येतात, तर कधी दोन वस्तूंमध्ये बोट चेंगरते.

या सगळ्या दुखापतीच आहेत. पण त्या एकसारख्या नाहीत. मराठीत प्रत्येकीला वेगळे नाव आहे. चालताना दगडावर पाय आपटला, तर ‘ठेच लागते’. खाली पडून गुडघ्याची कातडी घासली गेली, तर गुडघा ‘खरचटतो’. मांजराच्या नखाने ‘ओरखडा उठतो’. पाय वाकडा पडला, तर तो ‘मुरगळतो’. जड ओझे उचलताना कंबर ‘लचकते’. गरम तव्याचा ‘चटका बसतो’. छडी लागली, तर ‘वळ उठतो’. कपाळ भिंतीवर आपटले, तर ‘टेंगूळ येते’. पण डोके फुटून रक्त आले, तर ‘खोक पडली’ असे म्हणतात. जखम सुकू लागली, की तिच्यावर ‘खपली धरते’. खपली पडून गेल्यावर जी खूण उरते, तिला ‘व्रण’ म्हणतात.

यांतले काही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ‘जखम’ हा शब्द फारसीतून आला. ‘इजा’ आणि ‘मलम’ हे शब्द अरबीतून आले. तुमचे ‘ईज़ा’ आणि ‘मरहम’ ते हेच. मात्र एक फरक लक्षात ठेवा. उर्दूत ‘ज़ख़्म’ पुल्लिंगी आहे, तर मराठीत ‘जखम’ स्त्रीलिंगी आहे. म्हणून ‘जखम झाला’ असे म्हणू नये. ‘जखम झाली’ असे म्हणावे. उर्दूत ‘चोट लगी’ म्हणतात; मराठीत नुसते ‘मला लागले’ म्हटले तरी पुरते.

पण दवाखान्यात ‘मला लागले’ एवढेच सांगून भागत नाही. कसे लागले, तेही सांगावे लागते. कारण शब्द बदलला, की उपचार बदलतो. ‘कापले’ असेल, तर स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवतात, जखम धुतात आणि धनुर्वाताचे इंजेक्शन हवे का, ते डॉक्टर ठरवतात. ‘भाजले’ असेल, तर त्या जागेवर बराच वेळ वाहते थंड पाणी सोडतात. बर्फ किंवा टूथपेस्ट लावत नाहीत. ‘मुरगळले’ असेल, तर कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकतात आणि पायाला विश्रांती देतात. आणि ‘शिंगाळ्याचा काटा टोचला’ असेल, तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवतात. त्याने विषाची कळ कमी होते. मग डॉक्टरांना दाखवतात.

या सगळ्यांत एक दुखापत फार फसवी आहे. समजा, एक मुलगा खेळताना कट्ट्यावरून पडला आणि संध्याकाळी दवाखान्यात गेला. तेथे असे बोलणे होईल :

मुलगा : सिस्टर, मला जखम झाली आहे.

परिचारिका : कुठे, बेटा? रक्त तर दिसत नाही.

मुलगा : रक्त नाही आले. इथे, डोक्याच्या मागे दुखते.

परिचारिका : बघू. अरे, ही जखम नव्हे. टेंगूळ आले आहे. तुला मुका मार लागला आहे. पडल्यानंतर उलटी झाली का?

मुलगा : हो, एकदा झाली. आता झोपही येते आहे.

परिचारिका : घरी सांगितलेस का?

मुलगा : नाही. रक्त आले नाही, म्हणून वाटले की काही झाले नाही.

परिचारिका : निदान इथे सांगितलेस, हे बरे केलेस. चल, आधी डॉक्टरांकडे. तुझ्या अब्बांनाही बोलावून घेऊ.

‘मुका’ म्हणजे ज्याला बोलता येत नाही असा. कातडी न फाटता आतल्या आत जो मार लागतो, त्याला ‘मुका मार’ म्हणतात. अशा वेळी कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्त बाहेर न येता आतच साकळते. ती जागा प्रथम लालसर, मग काळीनिळी दिसते. उर्दूत यालाच ‘नील पड़ना’ म्हणतात. पुढे साकळलेले रक्त विरघळू लागते, तसा रंग हिरवट आणि मग पिवळसर होतो. साधारण दोन आठवड्यांत डाग नाहीसा होतो. सावळ्या कातडीवर हे रंग नीट दिसत नाहीत. तेथे सूज आणि दुखणे यांवरूनच ओळखावे लागते.

हातापायाचा मुका मार बहुधा आपोआप बरा होतो. तो चोळू नये, थंड शेक द्यावा. परंतु डोक्याला किंवा पोटाला मुका मार लागला, तर मोठ्या माणसांना लगेच सांगावे. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

खोक पडली, तर रक्त पाहून चार माणसे धावत येतात. मुका मार लागला, तर कोणीच येत नाही. तो मुका आहे. त्याच्या वतीने आपल्यालाच बोलावे लागते.

शब्दार्थ

मिठागर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याची जागा
शिंगाळा – विषारी काटे असलेला एक मासा
झोंबणे – आग होणे
साकळणे – रक्त एका जागी गोठणे
गुंगी – अर्धवट झोपेसारखी अवस्था

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जवाहरलाल नेहरू बंदर केव्हा सुरू झाले?
(आ) ‘टेंगूळ’ आणि ‘खोक’ यांत काय फरक आहे?

प्र. २. कंसातील योग्य क्रियापद वापरून वाक्ये पूर्ण करा. (मुरगळला, बसला, लागली, खरचटला)
(अ) मला दगडाची ठेच ......... .
(आ) खड्ड्यात पाय पडून तो ......... .
(इ) आईला तव्याचा चटका ......... .
(ई) सायकलवरून पडून माझा गुडघा ......... .

प्र. ३. कारण लिहा.
मुक्या माराबद्दल आपणच बोलले पाहिजे.

प्र. ४. तुम्हांला कधी लागले होते? कसे लागले आणि कोणता उपचार केला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.