लम्पी आणि आपली बैलजोडी



गाळप सुरू झाले की तोडणीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन लांबलांबून येतात. तळावर अनेक गावांची ढोरं शेजारी शेजारी बांधली जातात, पाणीही एकाच हौदावर पितात. तेव्हा जनावरांची साथ हा केवळ दूधवाल्यांचा विषय नव्हे.

2022 सालचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. मुक्ताईनगर ओलांडले की रावेर तालुका. तेथील चिनावल गावी 4 ऑगस्टला लम्पीची जनावरे आढळली आणि बघता बघता रोग राज्यभर गेला. कसा गेला? हा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरतो. पण माशी उडून उडून जाणार किती? ट्रकमध्ये चढवलेलं आजारी ढोर मात्र एका रात्रीत दोन जिल्हे ओलांडतं.

म्हणूनच सरकारी देखरेखीचा पहिला घाव वाहतुकीवर पडतो. 2009 च्या केंद्रीय कायद्याखाली सप्टेंबर 2022 मध्ये सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. गुरांचे बाजार, जत्रा, शर्यती बंद. पुष्कळांनी बोटे मोडली. ज्याला बैल विकून देणे भागवायचे होते त्याची अडचण खरीच होती, ती नाकारून चालणार नाही. पण बाजार चालू ठेवून रोग थांबला नसता. बाधित गावाभोवती 5 किलोमीटरपर्यंत आधी लस टोचली गेली, पुढे सर्वत्र. लस शेळ्यांच्या देवीची, पण ती गाईबैलांनाही उपयोगी पडते. मात्र अंगात ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

बुळकांडी जुन्या मंडळींना आठवत असेल. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग 2011 मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. तो लसीने गेला, तसाच गावोगाव केलेल्या तपासणीनेही गेला.

आता आपल्या बाजूचे. ताप, लाळ, अंगावर गाठी, पायाला सूज दिसली की ढोर वेगळे बांधा. त्याचे पाणी-वैरण वेगळे ठेवा आणि ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 1962 हा फोनही आहे. मालकाने कळवणे हे कायद्यानेच बंधनकारक आहे. “कळवलं तर बाजार बंद होईल, गप बसा,” असे सांगणारे शहाणे प्रत्येक गावात असतात. त्यांचे ऐकून ढोर लपवले तर नुकसान दुप्पट. 2022 मध्ये लम्पीने मेलेल्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये मदत शासनाने ठरवली होती. पण नोंदच नसेल तर डॉक्टर मदतीसाठी लिहिणार काय?

हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून खुशाल प्यावे. मेलेले जनावर मात्र नाल्यात टाकू नये, खोल खड्डा करून चुना टाकून पुरावे.

टोळीशी उचलीचा करार करताना मुकादमाकडे बैलांच्या कानातील बिल्ल्याचा 12 आकडी नंबर आणि लसीची तारीख मागावी. तारीख तीन आठवड्यांच्या आतली असेल, तर ती जोडी तळावर निराळी बांधावी.