टक्क्यांवर नको, रकमेवर बोला

प्रश्न : मी खोपोलीची. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी एक खासगी विद्यापीठ शुल्कात ३० टक्के सवलत देतंय, दुसरं ५०. मला पहिलं आवडलंय. घासाघीस करता येते का?

उत्तर : येते, पण रकमेवर करा. सवलत बहुधा फक्त शिक्षण शुल्कावर असते. वसतिगृह, मेस, अनामत वेगळी. पाचही वर्षांची बेरीज मांडा, दुसऱ्याचं पत्र जोडा आणि पहिल्याच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. फोनवरच्या शब्दावर विसंबू नका. सवलत पुढे टिकवायला किती गुण लागतील, हेही लेखी घ्या. घरचं गणित बिघडतं ते दुसऱ्या वर्षी, इथेच.

पण तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असाल आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर आधी राज्याच्या विधी सीईटीची कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरी पाहा. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार अशा मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोटा आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं मात्र त्यातून वगळलेली आहेत, म्हणजे तुमची दोन्ही पत्रं इथे निरुपयोगी. अर्ज महाडीबीटीवर करायचा. उत्पन्नाचा दाखला खालापूर तहसीलमधून आत्ताच काढा. चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयात नंबर लागलाच, तर खोपोली लोकलचे जाताना-येताना प्रत्येकी दोन-अडीच तास सोसून मी तिथेच जायला सांगेन.