फिजिक्स घेतलं तर पोरगी पुढे करणार काय?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बारावीत आहे. नीटसाठी क्लास लावला, आता म्हणते डॉक्टर व्हायचं नाही, फिजिक्स शिकायचंय. बी.एस्सी., ऑनर्स, बीएस-एमएस, इंटिग्रेटेड... नावं ऐकूनच डोकं गरगरतं. यात फरक काय? आणि शेवटी मास्तरकीच ना?
– एक पालक, लोहा, जि. नांदेड

उत्तर : आधी एक सांगा, मुलीने गणित ठेवलंय की सोडलंय? नीटच्या नादात आपल्याकडची बरीच मुलं पीसीबी घेऊन मोकळी होतात आणि फिजिक्सच्या दारात नेमकी तिथेच अडतात. गणित असेल तर सगळ्या वाटा खुल्या. नसेल, तर एक मोठी वाट तरी उरते, आयसरची (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था). पुण्याची आयसर संस्था २००६ सालची. तिथला पाच वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे बीएस-एमएस. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांपैकी कोणतेही तीन विषय बारावीला असले की तिची प्रवेश परीक्षा, आयएटी, देता येते. मात्र त्या परीक्षेत चारही विषयांचे पंधरा-पंधरा प्रश्न असतात, त्यामुळे गणिताला कायमचा रामराम करून चालत नाही. बंगळुरूची आयआयएससी ही संस्थाही आयएटीचे गुण धरते, पण तिला बारावीचं गणित लागतं.

मुंबईत कालिन्याला सीईबीएस आणि भुवनेश्वरला नायसर या संस्था आहेत, दोन्हीकडे पाच वर्षांची इंटिग्रेटेड एम.एस्सी. आणि दोन्हींना मिळून एकच परीक्षा, नेस्ट. हैदराबाद विद्यापीठातही असाच अभ्यासक्रम आहे, तो सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून. दवाखान्याला हैदराबाद गाठणारा नांदेडकर शिक्षणाला मात्र पुण्यापलीकडे बघत नाही, हे मला कधी कळलेलं नाही.

आता घराजवळची बी.एस्सी. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी पद्धत आली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्या. नांदेडचं यशवंत, सायन्स कॉलेज, लातूरचं राजर्षी शाहू, दयानंद, कुठूनही बी.एस्सी. करून मुलं जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला जाऊ शकतात. विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या आवारातही एम.एस्सी.ची सोय आहे. म्हणून घराजवळची पदवी कमी प्रतीची, असं मी म्हणणार नाही. मात्र प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघून या, तीही प्रॅक्टिकल चालू असताना. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली न्यूटनची वलयं मोजताना एका सूक्ष्मदर्शकाभोवती सहा पोरं कोंडाळं करून उभी असतील, एक रीडिंग घेतोय आणि पाच जण जर्नलमध्ये उतरवताहेत असं दिसलं, तर दुसरं कॉलेज बघा. इमारत, निकालाचे फ्लेक्स, प्राचार्यांचा चहा यांवरून काही कळत नाही.

मास्तरकीला नाक मुरडू नका. लातूरच्या क्लासमधल्या फिजिक्सच्या सरांची कमाई तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल! पण तेवढंच नाही. कॅन्सरच्या रुग्णाला किती किरण द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. यंत्रातून तेवढेच निघतात की नाही हे पाहणारा असतो वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ. सकाळी पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी यंत्राची तपासणी झालेली असते. अशा भौतिकशास्त्रज्ञाशिवाय किरणोपचार केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी मिळत नाही. त्यासाठी फिजिक्सची एम.एस्सी. आणि त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राची पदविका, अशी वाट आहे.

आणि औंढा नागनाथ? ते तर तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. तिथल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी बाहूंतून लेसर सोडायचा, तो आरशांवरून परत आणून एकत्र करायचा आणि बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो पकडायचा. गुरुत्वीय लहरी अशाच सापडतात. पहिली सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांत. गंमत म्हणजे यामागचं मायकेलसनचं इंटरफेरोमीटर बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत टेबलावर मावतं. अशा यंत्राला प्रकाशशास्त्र, निर्वात तंत्र, भूकंपमापन, संगणकावरचं विश्लेषण जाणणारी माणसं वर्षानुवर्षं लागतात. नुसत्या पदवीवर तिथे कोणी घेणार नाही, पुढचं शिक्षण लागेलच. एवढं मात्र मुलीला आजच सांगून ठेवा.

शेवटी कामाचं. आयएटी, नेस्ट, सीयूईटी या तिन्हींचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात आणि नीटचा निकाल लागेपर्यंत त्यांची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. तेव्हा निकालाची वाट न बघता बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच संकेतस्थळांवर लक्ष ठेवा, आणि अर्ज मुलीलाच भरू द्या.