मुळशी म्हणा, मुलशी नव्हे

पुण्याहून पौडमार्गे जाताना नवखा प्रवासी ‘मुलशी’चं तिकीट मागतो. त्याचा दोष नाही. रोमन पाटीवर ळ आणि ल एकाच अक्षराने लिहितात. पण मूळ निराळं, मूल निराळं! तिथली नदीही मुळा. ‘मुला’ म्हटलं तर पोराला हाक मारल्यासारखं होतं. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी धरणाच्या पाण्याखाली गेल्या. निदान नाव तरी शाबूत ठेवावं.

ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ळ साठी ते मागे वळवून टाळूला लावावं, नि झटकन् पुढे सोडावं. मुळ्‌-शी, दोनच ठोके. न जमल्यास आधी टाळ, माळ, तुळस, आळंदी म्हणून पाहावं. वारकऱ्याची जीभ तिथे अडायची नाही.