व्हाया इंग्रजी जाऊ नका
ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून स्पेनला निघालेल्यांसाठी, तिथे रुळलेल्या घरांनी लिहून दिलेलं

ज्यांनी जसं लिहून दिलं तसंच ठेवलं आहे. कागदपत्रं आणि भाषा यांवर सगळे तुटून पडले. घरभाड्यावर एकाने तीन ओळी दिल्या. एक टिपण मेक्सिकोहूनही आलं. शाळाप्रवेशावर कुणीच लिहिलं नाही.

आधी एवढं करा
(मूळ नौपाडा, ठाणे, माद्रिदमध्ये ११ वर्षं)

१. घर मिळालं की पहिलं काम महापालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव घालण्याचं. त्याला 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात. पासपोर्ट आणि भाडेकरार न्या. पुढच्या बऱ्याच कामांना याच नोंदीचा दाखला मागतात.

२. परदेशी नागरिकाचा क्रमांक म्हणजे 'निए': सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड, मग सात आकडे, शेवटी एक अक्षर. पाठ करा. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल, तर आल्यापासून महिन्याभरात ओळखपत्राचा अर्ज करायचा असतो.

३. बहुतेक कचेऱ्यांत 'थीता प्रेविआ', म्हणजे आगाऊ घेतलेली वेळ, लागते. नुसतं जाऊन उभं राहून सहसा काही होत नाही.

४. जिथे नंबर देत नाहीत तिथे आत शिरताच विचारा, "किएन एस एल उल्तिमो?" डोंबिवली स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत आपण "शेवटचं कोण?" विचारतो, तेच.

५. नागरिकत्वासाठी भारतीयांना साधारणपणे सलग १० वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं. शिवाय स्पॅनिशची ए-२ पातळीची परीक्षा आणि देशाच्या माहितीची परीक्षा. दुसरीत २५ प्रश्न असतात, १५ बरोबर आले की पास.

६. आता भाषेचं. इंग्रजीत एका क्रियापदाला अप, आउट, ऑफ अशी शेपटी लावली की अर्थ बदलतो. त्या शेपटीचं भाषांतर करू नका. बहुतेक ठिकाणी स्पॅनिशमध्ये सरळ एकच शब्द असतो:

फॉर्म फिल आउट करणे: रेयेनार
कागद हँड इन करणे: एन्त्रेगार
कार्ड पिक अप करणे: रेकोखेर
लुक फॉर: बुस्कार ('फॉर'साठी मागे काही जोडू नका)
गाडी ब्रेक डाउन होणे: आवेरिआर्से
फाइंड आउट: कानावर आलं तर एन्तेरार्से, खणून काढलं तर आवेरिग्वार
पुट अप विथ: आग्वांतार (हा शब्द कचेरीत रोज उपयोगी पडतो)

एका दाखल्यापायी
(मूळ कल्याण पश्चिम, बार्सिलोनात ६ वर्षं)

मंडळी, वरच्या यादीत सगळं कसं छान ओळीत बसलंय. आमचं तसं बसलं नाही.

बायकोच्या कागदांसाठी चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मी खिडकीवरच्या बाईंना ऐटीत सांगितलं, आम्ही 'आप्लिकार' करायला आलोय. इंग्रजी 'अप्लाय' येतं, मग हेही तेच, असा माझा हिशेब. बाई बघतच राहिल्या. इथे 'आप्लिकार' म्हणजे मलम लावणं, नाहीतर नियम लागू करणं. अर्ज करणं म्हणजे 'सोलिथितार'. मी बायकोच्या व्हिसाला मलम लावायला आलो होतो.

दुसरी खेप: "फाल्ता उन पापेल." एक कागद कमी आहे. भारतातल्या दाखल्यावर आपोस्तीय, म्हणजे अपोस्टिल, हवं आणि भाषांतर सरकारमान्य शपथबद्ध भाषांतरकाराचंच हवं. मी घरी बसून केलेलं भाषांतर परत हातात आलं. हे सगळं भारत सोडण्याआधी विचारून घ्या, कृपा करा.

तिसऱ्या खेपेला नावाचं प्रकरण निघालं. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर बाईच्या नावात नवऱ्याचं. त्यांनी माझं नाव माझ्या बायकोचं पहिलं आडनाव म्हणून लिहिलं आणि मग विचारलं, जन्मदाखल्यावर हे आडनाव का नाही? आता सांगा, काय उत्तर द्यायचं? नवऱ्याचं नाव जन्मदाखल्यावर कुठून येणार?

चौथ्या खेपेला माझा तोल गेला. "डोन्ट पुल माय लेग" हे मी शब्दाला शब्द ठेवून स्पॅनिशमध्ये ऐकवलं. सगळा हॉल हसला. रांगेतल्या एका आजींनी मला बाजूला घेऊन समजावलं. स्पॅनिशमध्ये 'पाय ताणणे', एस्तिरार ला पाता, म्हणजे राम म्हणणे. फिरकी घेण्याला 'तोमार एल पेलो', केस घेणे, असं म्हणायचं. आणि मी जे केलं त्याला 'मेतेर ला पाता', पाय घालणे. मराठीत माती खाणे.

इथल्या लार्रा नावाच्या लेखकाने कचेऱ्यांतल्या 'उद्या या'वर १८३३मध्ये लेख लिहिला, तो आजही लोकांच्या तोंडी आहे. आपल्याकडे 'सरकारी काम, सहा महिने थांब'. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं.

मराठीतून थेट
(मूळ डोंबिवली पूर्व, माद्रिदमध्ये १४ वर्षं)

ठाण्याहून डोंबिवलीला जायला कुणी पनवेल, दिवा असा वळसा घेत नाही. पण स्पॅनिश बोलताना आपण मराठीतून इंग्रजीत आणि तिथून स्पॅनिशमध्ये जातो. हा द्राविडी प्राणायाम सोडा. काही बाबतींत आपली भाषा या भाषेच्या जास्त जवळ आहे.

'मे गुस्ता एल कफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. इंग्रजीत 'आय लाइक', म्हणजे मी कर्ता. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखीच कॉफी कर्ता. 'से मे कायो एल वासो' म्हणजे 'माझ्या हातून ग्लास पडला'. इंग्रज माणूस 'मी पाडला' म्हणून गुन्हा कबूल करतो. आपण आणि स्पॅनिश लोक ग्लासालाच पडू देतो. 'तू' आणि 'उस्तेद' म्हणजे तू आणि तुम्ही. फक्त इथे 'तू'वर फार लवकर येतात, राग मानू नका.

इंग्रजीतलं 'ईट अप' मराठीत 'खाऊन टाकणे', स्पॅनिशमध्ये 'कोमेर'ला 'से' जोडून 'कोमेर्से'. 'गो अवे' म्हणजे निघून जाणे, 'इर्से'. आपलं टाकणे-जाणे आणि त्यांचं 'से' बऱ्याच ठिकाणी एकच काम करतात.

वाक्प्रचारही असेच जुळवा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' विसरा. आपल्याकडे मुसळधार, त्यांच्याकडे घागरींनी: योवेर आ कांतारोस. सोपं काम आपल्याकडे डाव्या हाताचा मळ, त्यांच्याकडे खाल्लेला पाव, 'पान कोमीदो'. महागाईत इंग्रजांचे हातपाय जातात, यांचा चेहऱ्यावरचा डोळा जातो: कोस्तार उन ओखो दे ला कारा. खाण तशी माती म्हणजे 'दे ताल पालो, ताल आस्तीया', जशी काठी तशी ढलपी. एका दगडात दोन पक्षी मात्र तिघांकडेही मरतात, इथे गोळीने.

एक धोका: कुणी "एस्तोय कोन्स्तिपादो" म्हणालं तर त्याला सर्दी झालीय. मी शेजारणीला इसबगोल नेऊन दिलं होतं.

घरभाडं
कायद्याने अनामत एका महिन्याची, तिला 'फियान्था' म्हणतात. मालक त्यावर आणखी हमी मागतात. घासाघीस करा.

मेक्सिकोहून
स्पेनमध्ये बस 'कोखेर' करतात. इकडे तो शब्द अश्लील आहे, 'तोमार' म्हणा. 'आओरीता' म्हणजे 'आत्ता', पण आपल्या 'आलोच पाच मिनिटांत'सारखं. त्या भरवशावर भात लावू नका.

मुलांशी काय बोलता?
(मूळ ठाणे, वालेन्सियात १९ वर्षं)

सगळ्यांनी कचेरीतलं सांगितलं, मी घरातलं सांगते. कुणाला लागलं तर लागू दे.

शाळेत मुलं स्पॅनिश शिकतातच, इथे वालेन्सियनही शिकतात. आणि घरी आपण काय बोलतो? 'बेटा, कम फास्ट, युवर मिल्क इज गेटिंग कोल्ड.' ना धड आपली भाषा, ना इथली. पाडव्याला गुढी उभारायची, डोंबिवलीच्या शोभायात्रेचे फोटो पुढे पाठवायचे आणि मुलाला 'गुळाचा गणपती' म्हणजे काय ते माहीत नसायचं, याला संस्कृती जपणं म्हणत नाहीत. ती नऊवारीच्या घडीत नसते, बोलण्यात असते.

आमच्याकडे जेवताना रोज एक म्हण. मी मराठीत सांगायची, मुलीने स्पॅनिश जोड आणायची. 'गरजेल तो पडेल काय' म्हटल्यावर तिने भुंकणारं, न चावणारं कुत्रं आणलं. 'आयत्या बिळावर नागोबा'ला अजून जोड मिळालेली नाही. ती आजीला फोनवर दर रविवारी त्याच म्हणीबद्दल विचारते, आणि आजीला स्पॅनिशचं एक अक्षर येत नसताना दोघी अर्धा अर्धा तास नागोबावर बोलतात.

(शाळाप्रवेशाचा अनुभव असलेल्यांनी पुढच्या आवृत्तीसाठी जरूर लिहून द्यावं.)