गाडीच्या विम्याचे ‘अ‍ॅड-ऑन’: कोणते घ्यावेत, कोणते सोडावेत

शोरूमच्या कोटेशनमध्ये विम्यापुढे बहुतेक वेळा एकच आकडा असतो आणि अ‍ॅड-ऑन (मूळ विम्यावर जादा पैसे देऊन घेतलेलं संरक्षण) त्यातच मिसळलेले असतात. आधी त्या आकड्याची फोड मागा. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) दर सरकार ठरवतं. अ‍ॅड-ऑनचा दर कंपनीगणिक वेगळा, वर १८ टक्के जीएसटी. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. घरी बसून, आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) तोच ठेवून दोन कोटेशन काढा: एक अ‍ॅड-ऑनसह, एक त्याशिवाय. मधला फरक ही अ‍ॅड-ऑनची खरी किंमत. आयडीव्ही कमी दाखवून प्रीमियम ‘स्वस्त’ केलेला नाही ना, हेही पाहा.

झिरो डेप (घसारा न कापता भरपाई): पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरी भागांची निम्मीच किंमत मिळते. समजा, बंपर १२,००० आणि रंगकाम ८,००० रुपये. बंपरचे ६,०००, रंगाच्या मालाचे (माल म्हणजे बिलाचा पाव भाग, त्याचे निम्मे) १,००० आणि सक्तीची कपात (१,५०० सीसीपर्यंत) १,०००, असे ८,००० रुपये तुमच्या खिशातून. झिरो डेप असेल तर फक्त १,०००. मात्र वर्षाला किती क्लेम चालतात ते वाचा; अनेक कंपन्या दोनवर थांबतात.

इंजिन प्रोटेक्शन: तुमच्याकडे पावसाळ्यात पाणी तुंबत असेल किंवा गाडी तळघरात लागत असेल, तर घ्या. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. क्लेम तिथेच अडकतो. टो करून न्या.

रिटर्न टू इन्व्हॉइस (बिलावरची किंमत परत): गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तरच उपयोगी. साध्या पॉलिसीत आयडीव्हीएवढेच पैसे मिळतात, आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीचा आयडीव्ही ३० टक्के घटलेला असतो. मोठं कर्ज असेल तर पहिली तीन वर्षं घ्या. रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन धरलंय का, ते विचारा.

रोडसाइड असिस्टन्स: गाडीच्या कंपनीकडून ते आधीच मिळत असेल, तर दुसऱ्यांदा पैसे देऊ नका.

किल्ली, टायर, सामान: बहुतेकांनी सोडावं. पैसे मिळण्याची कमाल मर्यादा आणि अटी वाचल्यावर कारण कळेल.

मालकाचा अपघात विमा: १५ लाखांचा हा विमा सक्तीचा आहे, पण दुसऱ्या गाडीवर तो आधीच असेल, तर पुन्हा घ्यावा लागत नाही. तसं लिहून द्या, रक्कम कमी होईल.

क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीचा) हिशेब मांडा. पुढच्या वर्षी ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळणार असेल आणि ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम १०,००० असेल, तर एका क्लेमने ४,५०० रुपये जातात. तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका.

रिन्यूअलला आरसी आणि जुनी पॉलिसी जवळ ठेवा. मुदत संपण्याआधीच भरा: खंड पडला तर गाडीची तपासणी होऊ शकते, आणि ९० दिवस उलटले की साठलेला बोनस शून्य.

थोडक्यात: नव्या गाडीला झिरो डेप, पाण्याच्या भागात इंजिन, कर्ज असेल तर इन्व्हॉइस. बाकीच्या अ‍ॅड-ऑनच्या खुणा फॉर्मवरून काढून टाका, मगच पैसे भरा.