जुन्या दुचाकीचा पेट्रोल पाईप बदलताना : आधी निदान, मग दुरुस्ती

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांत प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग ३ रात्री आढळले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे मानले जाते. या नोंदी वेळेवर घेतल्या तरच फवारणीचा निर्णय योग्य ठरतो. नेमक्या त्या दिवसांत विस्तार कार्यकर्त्याची किंवा शेतकऱ्याची जुनी दुचाकी बांधावर बंद पडली, तर खंड केवळ प्रवासात पडत नाही, तो कीड सर्वेक्षणातही पडतो. अशा बंद पडण्यामागे पुष्कळदा मोठा बिघाड नसतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या मार्गातील एखादा स्वस्त भाग निकामी झालेला असतो आणि तो घरच्या घरी बदलता येतो. मात्र नेमका कोणता भाग बदलावयाचा, हे आधी निश्चित करणे आवश्यक असते.

दिल्ली परिसरातील अनुभव

दिल्ली व तिच्या भोवतालचे हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातील जिल्हे मिळून राष्ट्रीय राजधानी क्षेत्र होते. महानगर अशी त्याची ओळख असली, तरी नजफगढ, नरेला, झज्जर, सोनिपत या पट्ट्यात आजही गहू, मोहरी व भाजीपाल्याची शेती होते आणि शेतावरची ये-जा मोठ्या प्रमाणात दुचाकीवरच चालते. या क्षेत्रात जुन्या वाहनांचा प्रश्न दोन बाजूंनी पुढे आला.

पहिली बाजू वयाची. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानुसार येथे १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहने रस्त्यावर आणण्यास मनाई झाली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा वाहनांना पंपावर इंधन न देण्याचा निर्णय अमलात आला, परंतु काही दिवसांतच तो स्थगित झाला. वाहनाचे वय महत्त्वाचे की त्याची स्थिती, हा वाद त्यातून देशभर पोहोचला. वाहन रस्त्यावर आणण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेला नियम तपासणे हे मालकाचे कर्तव्य आहे. उत्तम दुरुस्ती केल्याने नियमातून सूट मिळत नाही.

दुसरी बाजू इंधनाची असून ती महाराष्ट्रातील वाचकालाही तितकीच लागू पडते. पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि पुढील दोन वर्षांत ते देशभर पसरले. हे इथेनॉल ऊस, मका व तांदूळ यांपासून, म्हणजे शेतातूनच येते. तथापि जुन्या दुचाकींचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते.

इथेनॉलचा जुन्या भागांवर होणारा परिणाम

इथेनॉलचे तीन गुणधर्म येथे ध्यानात घ्यावेत. एक, ते काही प्रकारच्या रबरात शिरते. त्यामुळे जुना पाईप फुगतो, मऊ पडतो आणि पुढे वाळल्यावर त्याला भेगा जातात. दोन, ते टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर सोडविते. हा सुटलेला गाळ फिल्टरमध्ये व कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो. तीन, ते हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल कॉक इंधन ओढतो तो तळाकडूनच. पावसाळ्यात अनेक आठवडे उभी राहिलेली गाडी सुरू होताच बंद पडते, त्याचे एक कारण हे असते.

कीटकांमुळे होणारा अडथळा

टाकीतून पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीच्या झाकणात बारीक श्वासछिद्र ठेवलेले असते. ते बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होते, प्रवाह मंदावतो आणि काही अंतर गेल्यावर गाडी बंद पडते. थोडा वेळ थांबल्यावर ती पुन्हा सुरू होते, त्यामुळे निदान चुकते.

हे छिद्र धूळ व गंजाने बुजते, तसेच कीटकवर्गीय प्राण्यांमुळेही बुजते. कुंभारीण माशी मातीचे कोष बांधण्यासाठी आयती पोकळी शोधते, तर लहान कोळी अरुंद नळीत जाळे विणतात. २०११ मध्ये उत्तर अमेरिकेत सुमारे ६५ हजार माझदा-६ मोटारी तपासणीसाठी परत बोलाविण्यात आल्या, त्याचे कारण असाच एक कोळी होता. टाकीच्या श्वासनलिकेत त्याने विणलेल्या जाळ्यामुळे टाकीत ऋण दाब निर्माण होऊन तिला तडा जाण्याचा व पेट्रोल गळण्याचा धोका होता.

उभ्या वाहनावर आच्छादन घालणे हा यावरचा सोपा उपाय आहे. कुंभारीण माशी मारू नये. तिच्या काही जाती पिल्लांसाठी अळ्या पकडून नेतात व पिकाला उपयोगी पडतात.

निदानाचा क्रम

पान पिवळे दिसताच कीटकनाशक फवारू नये, ते उलटून पाहावे, मूळ तपासावे, मग निर्णय घ्यावा, असा सल्ला विस्तार कार्यकर्ते नेहमी देतात. गाडीच्या बाबतीतही तोच क्रम ठेवावा. एका लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात. पुढील कृती कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या दुचाकीसाठी आहे.

१. टाकीत पुरेसे पेट्रोल आहे व कॉक उघडा आहे, याची खात्री करावी.

२. गाडी चालता चालता बंद पडल्यास लगेच झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला व गाडी सुरू झाली, तर श्वासछिद्र बुजलेले असण्याची शक्यता अधिक असते.

३. गार इंजिनावर, कॉक बंद करून, पाईप कार्ब्युरेटरच्या बाजूने सोडवावा व त्याचे टोक धातूच्या डब्यात धरून कॉक उघडावा. धार अखंड पडली तर दोष कार्ब्युरेटरकडे आहे. झाकण लावलेले असताना धार हळूहळू मंदावली आणि झाकण उघडताच वाढली, तर दोष झाकणात आहे. झाकण उघडे असूनही धार बारीक असेल, तर कॉकची जाळी, फिल्टर किंवा पाईप तपासावा. काही दुचाकींत इंजिनाच्या ओढीने उघडणारा कॉक असतो. तो इंजिन बंद असताना पेट्रोल सोडत नाही, म्हणून ही चाचणी त्याला लागू होत नाही.

४. डब्यातील थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास टाकी पूर्ण रिकामी करावी. अशा वेळी केवळ पाईप बदलून उपयोग होत नाही.

५. पाईप बोटांनी वाकवून पाहावा. भेगा, फुगवटा, चिकटपणा किंवा टोकाशी ओलसर डाग दिसल्यास तो बदलावा.

साहित्य व पूर्वतयारी

पेट्रोलसाठीचाच पाईप घ्यावा. पाण्याची किंवा फवारणी पंपाची नळी कधीही वापरू नये. इथेनॉलमिश्रित इंधनाला टिकणारा, आतून फ्लुओरो-रबराचा थर असलेला पाईप अधिक योग्य असतो. एसएई जे-३० आर-९ ही खूण असलेल्या पाईपात असा थर असतो. जुन्या पाईपचा तुकडा दुकानात नेऊन आतील व्यास जुळवावा. दोन नव्या क्लिपा आणि आवश्यक असल्यास नवा फिल्टर सोबत घ्यावा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व जमिनीलगत पसरते. थंडीच्या दिवसांतही ती पेट घेऊ शकते. दिल्लीत किंवा विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा धोका आणखी वाढतो. म्हणून काम उघड्यावर, सकाळच्या गारव्यात, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावे. बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे. विडी-सिगारेट, चूल, देवघरातील दिवा, मोबाइल व विजेचे बटण यांपासून दूर राहावे. कोरडी वाळू व शक्य असल्यास पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकू नये, त्याने आग पसरते. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

पाईप बदलण्याची कृती

१. कॉक बंद करावा. पाईपमधील उरलेले पेट्रोल डब्यात उतरवावे.

२. क्लिपा पक्कडीने मागे सरकवाव्यात. घट्ट बसलेला पाईप जोराने ओढू नये, त्याने कॉकचे किंवा कार्ब्युरेटरचे तोंड मोडते. धारदार पात्याने पाईपच्या टोकाला लांबीच्या दिशेने हलकी चीर द्यावी व तो उलगडून काढावा.

३. दोन्ही तोंडे कोरड्या कापडाने पुसावीत. कापडाचे धागे आत जाऊ देऊ नयेत.

४. नवा पाईप जुन्याच्या लांबीने सरळ कापावा. जास्त लांब पाईपला मोड पडते, आखूड पाईप ताणला जातो. तो सायलेन्सरला व इंजिनाच्या तापणाऱ्या भागाला टेकणार नाही, अशा मार्गाने न्यावा.

५. क्लिपा आधी पाईपवर चढवाव्यात. पाईप तोंडावरील उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण सरकवून क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवावी. फिल्टर असल्यास त्यावरील बाणाचे टोक कार्ब्युरेटरकडे ठेवावे.

६. कॉक उघडून, इंजिन सुरू न करता, १० मिनिटे थांबावे. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरावा. एकही थेंब दिसल्यास जोड पुन्हा करावा. सांडलेले पेट्रोल उडून गेल्यानंतरच बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे.

७. थोडे अंतर चालवून परतल्यावर, दुसऱ्या दिवशी व आठवड्यानंतर जोड पुन्हा पाहावेत.

झाकणाचे श्वासछिद्र बुजले असल्यास झाकण गाडीपासून दूर नेऊन मऊ ब्रशने व हलक्या हवेने स्वच्छ करावे. न सुधारल्यास त्याच बनावटीचे नवे झाकण बसवावे. झाकणाला खिळ्याने भोक पाडण्याचा उपाय गावोगावी केला जातो, तो घातक आहे. गाडी आडवी पडल्यास त्या भोकातून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते.

काढलेले खराब पेट्रोल गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते बंद डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

स्वतः काय करू नये

एप्रिल २०२० नंतर बीएस-६ मानकानुसार आलेल्या दुचाकींत सामान्यतः कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपण प्रणाली असते. तिच्या पाईपात पंप बंद असतानाही दाब शिल्लक असतो, म्हणून ते काम प्रशिक्षित कारागिराकडे द्यावे. टाकीला चीर किंवा भोक पडले असल्यास ती घरी झाळण्याचा अथवा वेल्डिंग करण्याचा प्रयत्न करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही वाफ असते आणि तिचा स्फोट होऊ शकतो.

फवारणी पंपासाठी तोच धडा

पेट्रोलवर चालणाऱ्या पाठीवरच्या फवारणी पंपातही हेच इंधन व असेच रबरी भाग असतात. हंगाम संपल्यावर पंपाच्या टाकीत पेट्रोल ठेवून दिले, तर पुढील हंगामात पहिल्याच फवारणीला तो दगा देतो. टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच पंप ठेवावा. हंगामापूर्वी त्याचा पाईप, फिल्टर व झाकण वरील क्रमानेच तपासावे. फवारणी करताना पंप पाठीवर असतो आणि गळणारे पेट्रोल थेट अंगावर येते, हे विसरू नये.

सारांश

जुन्या यंत्राचे आयुष्य त्याच्या वयाइतकेच त्याच्या देखभालीवर अवलंबून असते. टाकीचे झाकण, कॉक, फिल्टर, पाईप व कार्ब्युरेटर या क्रमाने प्रवाह कोठे थांबतो ते शोधावे आणि दोषी भागच बदलावा. पाईप इथेनॉलला टिकणारा घ्यावा, काम उघड्यावर करावे व गळतीची चाचणी झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. सापळे लावण्याच्या आदल्या आठवड्यात या तपासणीला अर्धा तास दिला, तर पतंगांची नोंद व फवारणीचा दिवस दोन्ही चुकण्याचा संभव बराच कमी होतो.